फ्रीज दिलात शेठ, वीज कुठं आहे?

प्रति,
मोटारहोम बांधून विकणारे शेठ,
यांस नारायणगावशेजारच्या वारूळवाडीहून एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा नमस्कार.

तुमच्या जाहिरातीवरचा नंबर गाडी विकली जाईपर्यंत पहिल्या रिंगला उचलला जातो. गाडी रस्त्यात उभी राहिली की तोच नंबर लागत नाही. मी स्वतः लावून पाहिला, ज्यांची गाडी होती त्यांनीही लावून पाहिला. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. तुमचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर एका दुकानाची चर्चा होईल आणि असंच काम करणारे बाकीचे सुटतील. हायवेला दुकान असल्यामुळं तुमच्यासारख्या अनेकांची कामं माझ्या हाताखालून जातात, आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत दुखणं एकच असतं: आत फ्रीज आहे, पण त्याच्यासाठी वीज नाही.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. तुमचा सुतार फार चांगला आहे. कपाटांच्या कडा, पलंगाखालचे खण, दारांच्या कड्या, सगळं जिथल्या तिथं. फ्रीजच्या दाराला भोवतालच्या कपाटाचाच सनमायका लावला आहे, तो तर बघत राहावा असा. मी ते कपाट उघडलं तेव्हा त्याच सनमायक्याच्या मागं फ्रीजच्या पाठीला प्लाय घासत होता. कंडेन्सरची उष्णता बाहेर जायला खाली जाळी नाही, वर जाळी नाही, बोटभर फट नाही. फ्रीज आतली उष्णता बाहेर फेकतो, थंडी तयार करत नाही, एवढं तुमच्या दुकानात कुणीतरी सुताराला सांगायला हवं होतं. उष्णता त्याच कपाटात कोंडली तर कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. आणि तो न थांबण्याचा हिशेब बॅटरीला द्यावा लागतो.

आता त्या गाडीविषयी. एप्रिलअखेरची गोष्ट आहे. पिंपरी-चिंचवडकडचं कुटुंब, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आजी. ओझर आणि लेण्याद्रीचं दर्शन, मग माळशेजच्या बाजूला एक मुक्काम, असा बेत. आजींना मधुमेह. सुट्टी मोठी होती, म्हणून त्यांच्या इन्सुलिनची न उघडलेली पेनं सोबत घेतलेली, आणि ती ठेवली होती तुमच्या फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात. गाडी निवडताना त्यांनी तुम्हाला हेच विचारलं होतं म्हणे, की औषध ठेवायचं आहे, फ्रीज चोवीस तास चालेल ना. तुम्ही म्हणालात, घरच्यासारखा चालेल. रात्री ओझरला वाहनतळावर गाडी उभी केली. सकाळी सेल मारला तर नुसती टकटक. टोमॅटो खाली करून परत निघालेल्या एका पिकअपवाल्या दादानं जंप केबल लावून गाडी चालू करून दिली आणि वारूळवाडीला जा म्हणून सांगितलं. माझ्याकडं गाडी आली तेव्हा फ्रीजमध्ये मीटरचा प्रोब ठेवून पाहिला. आत २७ अंश होते.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, हे त्या खोक्यावरच छापलेलं असतं. चालू पेन बाहेरच्या साध्या तापमानाला, तेही ३० अंशांच्या आत, बहुतेक प्रकारांत चारेक आठवडे निघतं. पण आजींच्या शिल्लक पेनांचं काय झालं असेल ते बघून सांगता येत नाही. इन्सुलिन बिघडलं की रंग बदलतोच असं नाही, वास येत नाही. साखर चढायला लागली की कळतं. त्या मुलानं नारायणगावात मेडिकलमध्ये जाऊन नवी पेनं घेतली, जुनी सगळी बाजूला ठेवली. आजी मला दोनदा म्हणाल्या, अहो, दूध नासलं असतं तर काही वाटलं नसतं. शेठ, हे वाक्य मी तुमच्यासाठी लिहून ठेवलं आहे.

ती गाडी मी खाली घेतली आणि तुमची वायरिंग शोधत गेलो. काय सापडलं ते क्रमानं सांगतो, कारण पुढच्या गाडीत तुम्ही हेच करणार आहात.

मागं पलंगाखाली १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, घरच्या इन्व्हर्टरची असते तीच. तिच्यावर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर घरगुती एकदारी फ्रीज. कागदावर त्या बॅटरीत १,८०० वॅट-तास आहेत. पण शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून हिशेबात धरायचे ९००. तो फ्रीज घरात, भिंतीपासून मोकळा उभा असेल तर दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास खातो. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली, बंद कपाटात तो एका युनिटावर जातो, म्हणजे १,००० वॅट-तास. त्यात तुमचा इन्व्हर्टर स्वतःसाठी १५ ते २० वॅट खातो, फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद असला तरीही. चोवीस तासांचे ते साडेतीनशे ते पावणेपाचशे वॅट-तास झाले. बेरीज तुम्हीच करा. ९०० मधून चौदाशे काढायचे आहेत.

छतावर १०० वॅटचं सोलर पॅनल आहे हे मला माहीत आहे, जाहिरातीच्या फोटोत तेच पुढं आहे. लख्ख ऊन असेल आणि पॅनलवर सावली नसेल, तर दिवसाकाठी त्यातून तीनशे-चारशे वॅट-तास मिळतात. एप्रिलमध्ये गाडी उभी करताना माणूस सावली शोधतो, झाडाखाली लावतो. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलं नाहीत की गाडी गार ठेवायची की फ्रीज, यातलं एकच जमेल. आणि माळशेजला लोक जातात ते पावसाळ्यात, ढग गाडीच्या काचेला टेकलेले असताना. तेव्हा त्या पॅनलचा आधार धरून कुणी औषध ठेवू नये.

आता खरं दुखणं. पुढच्या इंजिनच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत तुम्ही एक वायर ओढली आहे, अडीच एमएमची. मध्ये एक रिले. हा रिले इंजिन चालू असतानाच जुळला पाहिजे, म्हणजे चालताना मागची बॅटरी चार्ज होईल आणि गाडी बंद झाली की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या होतील. पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी हे पहिल्या महिन्यात शिकवतो. तुमच्या माणसानं रिलेच्या कॉइलला इग्निशनवरून सप्लाय घ्यायचा सोडून थेट बॅटरीच्या प्लसवर बांधला आहे. म्हणजे तो रिले गाडी विकली त्या दिवसापासून कधी सुटलेलाच नाही. रात्री फ्रीजनं मागच्या बॅटरीबरोबरच त्या वायरीतून पुढचीही ओढली, आणि पहाटेपर्यंत सेल मारायची बॅटरी पण बसली. ओझरच्या वाहनतळावर जे झालं ते असं झालं. ते नशीब नव्हतं, ते तुमच्या दुकानात टाइट केलेलं एक थिंबल होतं.

त्या वायरीला कुठल्याच टोकाला फ्यूज नाही. इथं मला तुमचा खरोखर राग आहे, शेठ. कधी असं होईल की मागची बॅटरी भरलेली आणि पुढची कमजोर झालेली असेल. मग चावी फिरवल्याबरोबर स्टार्टर त्याला लागणारे शेकडो अँपिअर मागच्या बॅटरीकडून, त्या अडीच एमएमच्या वायरीतून ओढायला बघेल. वायर तेवढा करंट देऊ शकत नाही, पण द्यायचा प्रयत्न करताना ती तापते. मी गालिचा उचलला तेव्हा काही ठिकाणी तिचं कवच कडक होऊन तडकायला आलं होतं. वर प्लाय, त्यावर फोम, त्यावर लहान मुलं झोपणार. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज असावा, ही काही परदेशी विद्या नाही. इथं द्राक्षबागेतल्या पंपाच्या स्टार्टरला सुद्धा फ्यूज असतो.

जाडीचंही सांगतो. बॅटरी पुढं, फ्रीज मागं, मधलं अंतर सहा मीटर धरू, म्हणजे जाऊन येऊन बारा मीटर तांबं. अडीच एमएमच्या वायरीत १२ अँपिअर गेले तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट संपतो. दीड एमएम असेल तर दीड व्होल्टच्या वर. दहा एमएम घेतली असती तर पाव व्होल्ट. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनीत एक व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही, पण बारातला एक जाणं म्हणजे फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होतानाच पाय सोडतो. लांबलचक बागेला बारीक ठिबक नळी टाकली की शेवटच्या वेलीला थेंब पोचत नाही, हे इथला शेतकरी तुम्हाला सांगेल. त्याच्यासाठी तो नळीचा व्यास बदलतो, वेलीला दोष देत नाही. तुम्ही मात्र दोष फ्रीज बनवणाऱ्याला दिलात.

त्या मुलाला तुमच्या माणसानं फोनवर एकदाच एक उत्तर दिलं होतं: गाडी जास्त चालवा, चार्ज होईल. हेही खोटं आहे, आणि का ते तुम्हाला माहीत असायला हवं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या अनेकांचा अल्टरनेटर इंजिनचा कॉम्प्युटर चालवतो. इंधन वाचवायला तो सरळ रस्त्यावर व्होल्टेज खाली आणतो, कधी साडेबाराच्या आसपास. शिशाची बॅटरी भरायला चौदाच्या पुढं लागतात. म्हणजे पुण्याहून नारायणगावापर्यंत ती गाडी चालली तरी मागच्या बॅटरीत नाव घेण्यासारखं काही जमा झालं नसणार. त्यासाठी मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. पुढून साडेबारा आले तरी तो मागं चौदा-साडेचौदा देतो, ठरावीक अँपिअरच ओढतो आणि इंजिन बंद झालं की स्वतः बंद होतो. तुमच्या गाडीत तो नव्हता. गाडीतला टीव्ही आणि छताच्या रंगीत दिव्यांच्या खर्चात तो नक्कीच बसला असता.

आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवा, हा सल्ला तर कुणाला देऊच नका. डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जाळतं. आयडलिंगला अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही, त्यामुळं मिळते ती वीजही थोडीच. आणि शेजारच्या गाडीत, भक्तनिवासाच्या खिडकीत माणसं झोपलेली असतात. फ्रीजसाठी गावाला रात्रभर धूर का द्यायचा?

शेठ, थंडी चालत्या गाडीतून न्यायची हे काम या पट्ट्याला नवं नाही. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत जुन्नर-नारायणगावची द्राक्षं परदेशी जातात. बागेतून आलेला माल काही तासांत प्री-कूलिंगला जातो, मग कोल्ड स्टोअरेजमध्ये शून्य अंशाजवळ, आणि तिथून रीफर कंटेनरमधून न्हावा-शेव्याला. त्या कंटेनरचं थंड करणारं यंत्र ट्रकच्या बॅटरीवर चालत नाही. त्याला स्वतःचा डिझेल जनरेटर जोडलेला असतो, बंदरात पोचल्यावर तो काढून प्लग लावतात, जहाजावर पुन्हा प्लग. ट्रक बंद पडला तरी माल थंड राहतो. द्राक्षाच्या घडासाठी जेवढा विचार होतो तेवढा तुम्ही एका आजीच्या औषधासाठी केला नाहीत.

आमच्याकडचा आणखी एक धंदा वीज सोबत घेऊन फिरतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमाराला हायवेलगत फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. मोठा फड बाहेर पडतो तेव्हा तंबू, पेटारे, कलाकार आणि जनरेटर असं सगळं ट्रकमधून निघतं. ज्या गावात कार्यक्रम आहे तिथं लाइट असेलच असं धरून कुणी चालत नाही. वीज मोजायची, सोबत न्यायची, तिच्यासाठी एक माणूस नेमायचा, ही शिस्त त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाळली. तुमच्या दुकानातला एखादा माणूस फडाच्या जनरेटरवाल्याबरोबर एक हंगाम फिरला तर बरंच काही शिकून येईल. मी हे मनापासून सुचवतो आहे.

तुमच्याच हातची दुसरी एक गाडी माझ्याकडं आली होती, तिच्यात गॅसवर, बारा व्होल्टवर आणि घरच्या विजेवर चालणारा फ्रीज होता. फ्रीजची ही जात जुनी आणि चांगली आहे. स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटेर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ती शोधली. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया तापवून काम होतं, त्यामुळं आवाजही नाही. पण बारा व्होल्टवर त्याचा हीटर दहा-बारा अँपिअर सलग ओढतो, म्हणून ती सोय फक्त इंजिन चालू असतानाची. थांबल्यावर गॅस लावायचा, चालताना गॅस बंद. तुम्ही त्या दुसऱ्या गाडीच्या मालकाला चालत्या गाडीत गॅसवर ठेवा असं सांगितलं होतं आणि आत लाल घरगुती सिलिंडर ठेवून दिला होता. पेट्रोल पंपावर गाडी शिरताना आत ज्योत पेटलेली. शिवाय हा फ्रीज सपाट जमिनीवर उभा राहिला तरच नीट चालतो, आणि तुम्ही गाडी विकता ती घाटाघाटानं फिरायला.

इन्व्हर्टरबद्दल एक स्थानिक गोष्ट सांगायची आहे, कारण पुण्या-मुंबईच्या दुकानात ती कुणाच्या ध्यानात येत नाही. वारूळवाडीपासून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही खोडदला एकत्र, बाकीच्या तीन बाजूंना दूरवर पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागं एक मोठं कारण होतं की इथं रेडिओ गोंगाट कमी आहे. २०२० मध्ये त्या दुर्बिणीला आयट्रिपलईचा माइलस्टोन मान मिळाला. विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा सुद्धा तिला त्रास होतो. तिला बाधा नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मूळ आखलेला मार्ग बदलण्याची वेळ आली, आणि त्याचं दुःख या तालुक्यानं सोसलं आहे. तुमच्या गाडीतला चौकोनी लाटेचा स्वस्त इन्व्हर्टर चालू केला की माझ्या दुकानातला रेडिओ खरखरायला लागतो. ज्या भागानं दुर्बिणीसाठी रेल्वे दूर जाताना पाहिली, तिथं असा गोंगाट करणारी यंत्रं आणताना थोडी लाज वाटायला हवी. बरं, या इन्व्हर्टरची गरजही नाही. बारा व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज बाजारात मिळतो.

मग करायचं काय, ते स्पष्ट सांगतो. चाळीस-पन्नास लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला साधारण चाळीस-पन्नास अँपिअर-अवर घेतो. १०० अँपिअर-अवरची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याला दीड-दोन दिवस ओढते, आणि तिच्यातलं ऐंशी टक्के वापरलं तरी तिचं काही बिघडत नाही. २५-३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावला तर दोन तासांच्या चालीत दिवसाचा खर्च भरून येतो. पुढच्या बॅटरीला फ्रीज कधीच जोडायचा नाही. व्होल्टेज ठरावीक खाली गेलं की फ्रीज आपोआप तुटला पाहिजे. कपाटाला खाली-वर जाळी. दोन्ही टोकांना फ्यूज. मुक्कामी प्लग लावायची सोय द्यायची तर बाहेरून जलरोधक सॉकेट, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. आणि व्होल्टेज दाखवणारं मीटर, कारण गावाकडं संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की लाइन पडते आणि पडलेल्या लाइनवर चार्जर तापतो.

थंडी साठवता येते हेही गिऱ्हाइकाला सांगा. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषतो. निघायच्या आदल्या रात्री फ्रीज घरच्या विजेवर गार करून घेतला, सामान गार करूनच आत ठेवलं, दोन-चार आइस पॅक गोठवून ठेवले, तर पहिला दिवस बॅटरीला जवळजवळ सुट्टी मिळते. सरकारी लसीकरणाची पेटी अशाच आइस पॅकवर पाड्यापाड्याला जाते. आइस्क्रीमच्या कितीतरी गाड्या रात्री प्लग लावून आतल्या पट्ट्या गोठवतात आणि दिवसभर इंजिनकडून काही न घेता फिरतात. आजींना मी जाताना एक साधा थर्मास दिला, तळाला आइस पॅक, मध्ये जाड कापड, म्हणजे पेन बर्फाला चिकटून गोठणार नाही. गोठलेलं इन्सुलिनही बादच असतं.

राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जुन्नरला त्याआधीच, २०१८ मध्ये, पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं होतं. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, पलीकडं भीमाशंकर. लोक येणार, गाड्या वाढणार, आणि ते व्हावं असं मला वाटतं, माझं पोट त्यावर आहे. म्हणून काळजी वाटते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनासारखे बदल करायला मनाई करतं. तुमच्या गाड्यांपैकी किती त्या कागदांतून गेल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. मी आरटीओ नाही, मी फक्त गालिचा उचलून खाली बघणारा माणूस आहे.

आतापर्यंत विकलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला फोन करा. गाडी परत बोलवा, खर्च तुम्ही करा. रिलेची ती कॉइलची वायर आधी तोडा, दोन्ही टोकांना फ्यूज घाला, मग बाकीचं बोलू. वायरिंगचा नकाशा काढून गाडीच्या दाराच्या आत चिकटवा, म्हणजे रस्त्यात माझ्यासारख्याला प्लाय फोडावा लागणार नाही. मला त्यासाठी बोलवायचं असेल तर मी दोन दिवस दुकान बंद ठेवून येईन, मजुरी घेणार नाही. तुमची पोरं हुशार असतील, त्यांना कुणी दाखवलेलं नसेल एवढंच.

आणि आज संध्याकाळी आजींच्या मुलाचा फोन येणार आहे. नंबर नवा घेतलाय त्यानं, तुम्हाला ओळखू येणार नाही. उचला.

आपला,
वारूळवाडीचा एक वायरमन